गोल चावीचं लॉक शिकायला घेताय? मग एवढं वाचाच

पॅडलॉक, नाईट लॅच खोलून परत जोडता येतंय असं धरून चालतो. आता ट्युब्युलर. व्हेंडिंग मशीन, काचेचं शोकेस, लॅपटॉपची केबल, ह्यांना नळीसारख्या चावीचं असतं ते.

चावी वेगळी दिसते, कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे कोरी मिळत नाही, म्हणून सगळ्यांना ते भारी सेफ वाटतं. हिशोबही तसाच दिसतो, लॉकच्या आत ७ पिना, प्रत्येकीला ८ उंच्या, म्हणजे २०,९७,१५२ चाव्या. पण पिक, म्हणजे चावीशिवाय लॉक उघडायचं गोलात सुया असलेलं हत्यार, काय एकेक चावी लावून बघत नाही! सगळ्या पिना गोलात समोरच उघड्या असतात, सुया सगळ्यांवर एकदम बसतात. त्यात स्वस्त लॉकमधे स्प्रिंगा सारख्याच जोराच्या आणि फिटिंग सैल. २००४ मधे अमेरिकेत क्रिप्टोनाइटची सायकल लॉकं बॉलपेनच्या नळीने उघडायला लागली आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली, ते उगाच नाही. चांगल्या लॉकमधे स्प्रिंगांचा जोर कमीजास्त ठेवतात, फिटिंग घट्ट असतं, तिथे घाम निघतो.

आता मला ज्याने खरंच रडवलं ते. लॉक फिरलं म्हणजे उघडलं नाही!! पिना गोलात आहेत, त्यामुळे थोडं फिरलं की प्रत्येक पिन शेजारच्या भोकासमोर येते, स्प्रिंग तिला परत ढकलते आणि लॉक मधेच धरतं. घाबरून तिथे हत्यार बाहेर काढलंत तर मेलात, कारण चावीवरचा दाणा फक्त खाचेसमोरच आत जातो, म्हणजे गिऱ्हाइकाला नंतर त्याची हरवलेली चावी सापडली तरी ती बसणार नाही. पुन्हा पिक करा, पुढच्या भोकाला परत तेच, नाहीतर ड्रिल. म्हणून पहिला झटका लागायच्या आधी, पिना बसल्यासारख्या वाटल्या की सुयांची कॉलर, म्हणजे सुया जागेवर धरून ठेवणारी रिंग, घट्ट आवळा. मग हत्यारच चावी होतं आणि पूर्ण फिरतं. कॉलर. विसरू नका.

ऑनलाइन तयार पिक मागवून थेट गिऱ्हाइकाच्या मशीनवर जाणारी पोरं मला अजिबात पटत नाहीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानांत फिरा, एक साधं लॉक घ्या, कापून आतून बघा. आणि उस्ताद असा धरा जो खोललेलं लॉक तुमच्या हातात देतो. जो पाठ फिरवून काम करतो त्याच्याकडे वर्षभर चहा आणत राहाल, मस्जिद स्टेशनला उतरून रोज तेच.

हात बसायला वेळ लागतो, बोटं दुखतात, सुरुवातीला काहीच कळत नाही, ते सगळ्यांचंच होतं, सोडू नका. फक्त मशीन कोणाचं, बिल कुठंय, हे विचारल्याशिवाय हत्यार बाहेर काढायचं नाही, समोरचा कितीही घाई करू दे. आणि काम झाल्यावर त्याला स्पष्ट सांगा की पैशाच्या पेटीला हे लॉक एकटं पुरणार नाही, वर कडी आणि चांगलं पॅडलॉक पण लाव.