पंप नुसता दाबू नका

माझं औषधांचं दुकान आहे. दम्याचा पंप (इनहेलर) न्यायला आलेल्याला मी म्हणतो, "जरा घेऊन दाखवा बघू." बरेच जण आधी तोंडात फवारा मारतात, मग श्वास ओढतात. औषध घशातच बसतं.

पंप नीट हलवा. श्वास पूर्ण सोडा. पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, सावकाश श्वास आत घ्यायला लागताच दाबा, ओढत राहा, मग 10 सेकंद रोखा. दुसरा पफ (फवारा) अर्ध्या-एक मिनिटाने. लहानग्यांना आणि आजी-आजोबांना ही वेळ साधत नाही, त्यांना स्पेसरच (पंपाला जोडायची पोकळ नळी) घ्या. "उगाच खर्च" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. त्यात एका वेळी एकच पफ. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून निथळत ठेवा. फडक्याने पुसलात तर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं.

रोटाकॅपचं (यातल्या कॅप्सूलमधली पूड यंत्रातून ओढतात) उलट: श्वास जोरात, खोल ओढायचा. कॅप्सूल गिळायची नाही (हो, गिळणारे आहेत).

नेब्युलायझरचा (औषधाचं धुकं करणारं यंत्र) मास्क चेहऱ्याला चिकटून हवा, लांबून धूर सोडून उपयोग नाही. औषधाचा कप दरवेळी धुवून वाळवा. ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंका, बाळाचा चेहरा पुसा.

साल्ब्युटामॉल (लगेच आराम देणारं औषध) घेऊनही वाक्य पुरं बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 108 लावा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून एकेक पफ देत राहा.