रस्सा तिखटजाळ झाला? आधी तर्री काढा

भाजी तिखट झाली की बहुतेक घरांत पहिला हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. थोडं थांबा. पाणी ओतलं की रस्सा पचपचीत होतो, मीठ कमी पडतं, मसाल्याचा वास जातो, आणि तोंड भाजायचं ते भाजतंच. मिरचीतला जाळ, म्हणजे कॅप्सेसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो तेलात उतरतो. आपल्या नागपुरी रश्श्यात तेल कुठे असतं हे वेगळं सांगायला नको. वर लालभडक तर्री तरंगते ना, सगळ्यात जास्त तिखट तिथंच बसलेलं असतं.

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझी खाणावळ आहे. पुण्या-नाशकाकडून शिकायला आलेली पोरं आणि लहानपणापासून सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसालेदार जेवण, खाल्लेली इथली मंडळी एकाच पंगतीला बसतात. दोघांनाही एकाच गंजातलं (पातेल्यातलं) वाढायचं असतं, म्हणून तिखट कमी करणं हे माझं रोजचंच काम.

गॅस बंद करा आणि रस्सा दहा मिनिटं अजिबात न ढवळता ठेवा. तेल वर येतं. आता गंज एका बाजूला किंचित कलता करायचा, खाली पोळपाटाची कड सरकवली की हात मोकळे राहतात. तेल एका कडेला गोळा होतं. पसरट पळी आडवी धरून, खालचा रस्सा न हलवता, वरचंवरचं तेल वाटीत काढून घ्या. अगदी कोरडं करू नका, वर थोडा लाल तवंग राहू द्या, नाहीतर रस्सा आजाऱ्याचा वाटतो. एवढ्यानंही भागलं नाही तर दोन चमचे साधं तेल घालून एक उकळी आणा, परत दहा मिनिटं थांबा आणि तेही काढून घ्या. हे कोरं तेल उरलेल्यातलं थोडं तिखट ओढून घेतं.

मग वाटण. सहा जणांच्या मटणाच्या रश्श्याला अर्धी वाटी सुकं खोबरं आणि दोन चमचे खसखस कोरडं भाजून, गरम पाण्यात मऊ वाटून घाला. या वाटणात मिरची नको, मीठही नको. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळू द्या. खोबऱ्यातला स्निग्धपणा तिखटाला धरतो आणि रस्सा दाटही होतो. पाणी लागलंच तर या वेळी घाला, तेही कढत. मीठ सगळ्यात शेवटी चाखायचं.

पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याला हाच उपाय, फक्त पाटोड्या शेवटी सोडा. त्या रस्सा पितात, आधी सोडल्या तर तिखटही पिऊन बसतात.

दह्याबद्दल सगळे विचारतात. दूध-दह्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, त्यामुळे उपाय खरा आहे. पण सावजीत दही घालू नका, माझ्या मते ती सावजी राहतच नाही. वांग्याची, आलूची, मिश्र भाजी असेल तर खुशाल घाला. वाटीभर ताज्या दह्यात चमचाभर बेसन घोटा, त्यात आधी दोन पळ्या गरम रस्सा मिसळा, मग मंद आचेवर ढवळत ढवळत भाजीत सोडा. थंड दही सरळ उकळत्या रश्श्यात गेलं की फाटलंच.

आलू तिखट शोषून घेतो असं सांगतात. तसं काही होत नाही. आलू वाढला की भाजी वाढते आणि तेवढंच तिखट जास्त घासांत वाटलं जातं, इतकंच. सुक्या भाजीला मात्र हाच मार्ग बरा, कारण तिथं काढायला तर्री नसते. उकडलेला, बिनमिठाचा आलू कुस्करून घाला, किंवा दाण्याचा कूट, किंवा भाजलेलं बेसन पेरून झाकण ठेवून एक वाफ काढा. पोहे तिखट झाले तर आणखी पोहे भिजवून त्यातच वाफवा. गूळ-साखरेनं तिखट नुसतं झाकलं जातं, हरभऱ्याएवढा गूळ पुरे. लिंबू ताटातच पिळा.

या सगळ्याआधी एक गोष्ट ओळखा. ओठ आणि जिभेचं टोक जळत असेल तर मिरची जास्त झाली, वरचे उपाय चालतील. घशात ठसका बसून छातीशी ऊब येत असेल तर मिरे-लवंग जास्त आहेत. खडा मसाला दिसेल तेवढा चमच्यानं वेचून काढा आणि वाटण वाढवा. कडू लागत असेल तर मसाला करपला आहे, त्याला इलाज नाही. नवीन करा.

चाखताना माणूस बदलत राहा. चार वेळा तिखट चाखलेली जीभ बधिर होते, मग सगळंच ठीक वाटायला लागतं. आणि नुसता रस्सा चाखू नका, भाकरीच्या तुकड्याला लावून चाखा. जेवणारा तसाच खाणार आहे.

उन्हाळ्यात नवं तिखट दळून आणलं की पहिल्या भाजीत नेहमीच्या निम्मंच टाका. भिवापुरी मिरचीचं ताजं तिखट जुन्या डब्यातल्यापेक्षा बरंच जहाल असतं. मिरची हाताळून बोटं जळत असतील तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. नुसतं पाणी ओतून काही होत नाही. तोंड भाजलेल्या लेकरालाही दूध द्या किंवा तूप-भात.

काढलेली तर्री फेकू नका. वाटी ताटांच्या मधोमध ठेवा, ज्याला झणझणीत हवं तो पळीभर घेईल. उरली तर फ्रिजमध्ये झाकून ठेवा. मटणाची असेल तर दुसऱ्याच दिवशी संपवा. भाजीची असेल तर सकाळच्या पोह्यांसाठी उकडलेल्या चण्यांत घालून एक उकळी काढा, वर बारीक चिरलेला कांदा आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर.