पानं गळायच्या आत आजारी वेलींना रिबीन बांधा (कॅलिफोर्नियातल्या द्राक्षवाल्यांसाठी)

मंडळी, सप्टेंबर संपत आला. पिअर्स डिसीजची (वेल सुकवणाऱ्या बॅक्टेरियाच्या रोगाची) वेल ओळखायचे हेच दिवस, एकदा पानं गळाली की छाटणीवाल्याला आजारी काय नि चांगली काय, सगळ्या सारख्याच. दरवर्षी बघतो, माणूस म्हणतो हिवाळ्यात बघू. हिवाळ्यात काय बघणार, नुसत्या काड्या! मग ती वेल तशीच राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात ग्लासी-विंग्ड शार्पशूटर तुडतुडे तिचा रस पिऊन रोग शेजारच्या ओळीत नेतात.

बघायचं काय, तर पानाची कड भाजल्यासारखी, पान गळलं तरी देठ काडीवर तसाच, काडी पिकताना मधेच हिरवे पट्टे आणि मणी सुकलेले. याला पाण्याचा ताण समजून पाणी वाढवत बसू नका, शंका असेल तर देठ लॅबला द्या.

एखाद्याच काडीवर लक्षणं असतील तर पिवळी रिबीन बांधा, ती वेल हिवाळ्यात खोलवर छाटा, कारण उशिरा झालेली लागण बऱ्याचदा छाटणीत आणि थंडीत निघून जाते. पुढच्या वर्षी परत दिसलं तर उपटा. ओलांडाभर (आडव्या मुख्य फांदीभर) पसरलं असेल तर लाल रिबीन, याच हिवाळ्यात मुळासकट बाहेर. जीव तुटतो, माहितीय, पण दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युलात १९९० च्या दशकाच्या शेवटी बागाच्या बागा गेल्या.

डीलर टॉनिक देईल, पोटॅश देईल, तांब्याचा स्प्रे देईल. झायलेला, म्हणजे या रोगाचा बॅक्टेरिया, झायलेमच्या (वेलीत पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या) आत बसलाय, वरून मारलेलं तिथे पोचतच नाही, रोग लागलेल्या वेलीला औषध नाही, पैसे ठेवा. इमिडाक्लोप्रिड किड्यासाठी आहे, रोगासाठी नाही. ड्रिपमधून, माती ओली असताना, आणि वर्षाला एकरी ०.५ पौंड (साधारण २२७ ग्रॅम) सक्रिय घटकाच्या वर नाही.

माझा अंदाज विचाराल तर ओढ्याकाठच्या पहिल्या ओळी आधी फिरा, निळे-हिरवे शार्पशूटर वसंतात तिथूनच आत येतात, आणि तेव्हाची लागण सहसा जात नाही.

बाकी नेहमीचं:
– पिवळे चिकट सापळे
– तण काढणं
– नवीन रोपं तपासून घेणं

सारख्या वेली मरतायत त्या पट्ट्यात परत तीच जात लावू नका, यूसी डेव्हिस विद्यापीठाने २०१९ मध्ये पाच प्रतिकारक जाती दिल्यात. आणि रिबीन प्लास्टिकची घ्या, कागदी पट्टी जानेवारीच्या पावसात गळून पडते.