वूफरचे ओहम आणि गाडीची बॅटरी: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे डिकीत वूफर (बेसचा मोठा स्पीकर) बसवलेल्या गाड्यांची तक्रार ठरलेली असते. बेस पडला की हेडलाइट मिणमिणतात, ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) तापून बंद पडतो, सकाळी स्टार्टर फिरत नाही. लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी वूफरची जोडणी पाहा.

जास्त वॅटसाठी ओहम उतरवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा. 4 ओहमचे दोन वूफर पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडले की ॲम्पवर 2 ओहमचा भार येतो. 4+4 कॉइलचे (आत 4 ओहमच्या दोन कॉइल असलेले) दोन वूफर सगळेच पॅरलल केले तर 1 ओहम. ओहम निम्मे झाले की ॲम्प जवळपास दुप्पट करंट सोडतो, आणि तो शेवटी बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) यांतूनच ओढला जातो.

हिशेब करून बघा. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प 4 ओहमला 500 वॅट देतोय आणि कार्यक्षमता 80 टक्के आहे, तर 13.8 व्होल्टला तो सुमारे 45 अँपिअर खातो. 2 ओहमला 800 वॅट, कार्यक्षमता 75 टक्के धरली तर 77 अँपिअर. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, त्यामुळे सरासरी कमी येते. पण प्रत्येक ठोक्याला ओढ एवढीच. लहान गाडीचा अल्टरनेटर इंजिनच्या पूर्ण फेऱ्यांवरही साधारण याच आसपास देतो, त्यात एसी आणि दिवेही चालवायचे असतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, इंजिन आयडलवर असतं, तेव्हा तर अल्टरनेटर आणखी कमी देतो आणि बॅटरी रिकामी होत जाते.

एवढं करून मिळतं काय? 500 चे 800 वॅट म्हणजे जेमतेम 2 डेसिबल. माझ्या मते त्यासाठी बॅटरीचा जीव घेऊ नये. वूफरसाठी चांगला बॉक्स बनवून घ्या, फरक जास्त पडेल.

ब्रिज करताना अर्धाच हिशेब

ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच वूफर चालवणाऱ्या, ॲम्पला 4 ओहमचा वूफर लावला की प्रत्येक चॅनेलला 2 ओहमच दिसतात. म्हणून ॲम्पवर ब्रिजसाठी किमान 4 ओहम लिहिलं असेल, तर 2 ओहमचा वूफर लावू नका. मल्टिमीटरवर 4 ओहमचा वूफर साडेतीनच्या आसपास दाखवतो. तो बिघाड नाही.

स्वस्त वायर, गंजलेली अर्थ

ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा जास्त व्होल्ट खाते. अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारी मायनस वायर) रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा. खानापूर, चोर्ल्याच्या पावसात तो जोड लवकर गंजतो, म्हणून पावसाळ्यानंतर नक्की उघडून बघा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नका. तो वायर जळू नये म्हणून असतो.

दोष कुठे, ते असं ओळखा

इंजिन चालू ठेवून बेस वाजवा आणि आधी बॅटरीवर, मग ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर 13.8 आणि ॲम्पवर 12 च्या आसपास आले, तर वायर किंवा अर्थ खराब. दोन्हीकडे एकदम पडले, तर मागणी अल्टरनेटरच्या ताकदीबाहेर गेली आहे. मोठा कॅपॅसिटर लावून ते भागत नाही, कारण तो वीज फक्त साठवतो, तयार करत नाही. वूफर सीरिजमध्ये (एकामागोमाग एक) जोडून ओहम वाढवा आणि पुन्हा मोजा.