गोची कोडी सोडवताय? पहिल्या चालीवर थांबू नका

गो या काळ्या-पांढऱ्या स्टोनच्या पटावरच्या खेळाचे नियम येतात, ९×९ चा पट खेळून झालाय, आतारी (पुढच्याच चालीत स्टोन पकडायची धमकी), को (तोच एक स्टोन आळीपाळीने पकडला जाण्याचा प्रसंग), दोन डोळे (ग्रुप जगायला लागणाऱ्या आतल्या दोन मोकळ्या जागा) यांत आता गोंधळ होत नाही, आणि तरीही १५ क्यूच्या (क्यू म्हणजे शिकणाऱ्यांची श्रेणी, आकडा जितका लहान तितका खेळाडू तगडा) आसपास घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. सगळे एकच सल्ला देतात: त्सुमेगो, म्हणजे ग्रुप (एकत्र असलेले स्टोन) मारायची किंवा जगवायची कोडी, सोडव. सल्ला चुकीचा नाही. पण कोडी सोडवायची कशी, हे कुणी धड सांगत नाही आणि त्यात वर्षं जातात. मी स्वतः अजून एक-आकडी क्यूतच धडपडतोय, तेव्हा हे प्रवचन समजू नका.

सापळा असा आहे. पानावर कोपऱ्यातला पांढरा ग्रुप आणि खाली 'काळ्याची चाल'. कोपऱ्यात २-१ च्या बिंदूवर (एका काठापासून दुसऱ्या आणि दुसऱ्या काठापासून पहिल्या रेषेवर) बघावं, ही म्हण तुम्ही ऐकलेली असते. नजर सरळ तिथे जाते. उत्तराचं पान उलटलं, तर पहिला काळा स्टोन बरोबर तिथेच! टिकमार्क करून पुढचं कोडं. एका बैठकीत वीस-पंचवीस कोडी उरकतात आणि छातीही फुगते.

यात सोडवलं काय? काहीच नाही. जागा ओळखली, एवढंच. त्या चालीनंतर पांढरा सर्वांत चिवट कुठे लढेल, त्यावर तुमची पुढची चाल काय, मध्येच को तर होत नाही ना (पुस्तक 'मारा' म्हणत असेल आणि तुम्ही को मिळवला असेल, तर ते उत्तर चूकच), यातलं काहीच तुमच्या डोक्यात घडलेलं नसतं. खऱ्या डावात समोरचा माणूस पुस्तकातल्या पहिल्या आकृतीप्रमाणे मरायला तयार नसतो. तो भलतीकडे हाने (समोरच्या स्टोनला वळसा घालणारी चाल) करतो, तुमच्या डोळ्याच्या जागेत एक स्टोन फेकतो आणि तुम्ही बघत बसता. ही जागा तर माहीत होती, मग आता काय? ते 'आता काय' हाच त्सुमेगोचा विषय आहे. पहिली चाल हा त्यातला सोपा भाग.

म्हणून उत्तर उघडण्याआधी स्वतःला त्रास द्या. पांढऱ्याची निदान दोन उत्तरं शोधा, पांढऱ्याच्या बाजूने, जीव वाचवायच्या इराद्याने. प्रत्येकाला तुमचं उत्तर शोधा. मग पान उलटा आणि यशाच्या आकृतीआधी फसलेल्या आकृत्या बघा. तुम्ही विचारात न घेतलेला प्रतिकार तिथे दिसला, तर पहिली चाल बरोबर असूनही कोडं चुकलं असं धरा. जीवावर येतं. माझ्या अजूनही येतं.

ही चालींची साखळी थांबवायची कुठे, हा प्रश्न पडेल. ओळखीच्या आकारापाशी. ग्रुपच्या आत ओळीत तीन मोकळ्या जागा असतील तर मधला बिंदू ज्याचा, त्याचं राज्य. ओळीत चार असतील तर ग्रुप जिवंत. चार जागांचा चौकोन असेल तर मेलेला. काठापासून दुसऱ्या ओळीवर सलग सहा स्टोन असतील तर ते मरतात, आठ जगतात, सात असतील तर ज्याची चाल त्याचं फावतं. कोपऱ्यात हेच चार मरतात, सहा जगतात. एवढं पाढ्यांसारखं पाठ हवं. म्हणजे दहा चाली वाचाव्या लागत नाहीत, चौथ्या-पाचव्या चालीला ओळखीचा आकार दिसतो आणि तिथे थांबता येतं. कोपऱ्यातले वाकडे चार हा प्रकार वेगळा आहे, तो सावकाश शिका.

बुद्धिबळातून आलेल्यांना हा सापळा जास्त नडतो आणि आपल्याकडे बहुतेक जण तिथूनच येतात. शह दिला की समोरच्याला काहीतरी करावंच लागतं, ही सवय अंगात मुरलेली असते. गोमध्ये आतारीकडे खुशाल दुर्लक्ष करता येतं. शिवाय उगाच दिलेल्या आतारीमुळे समोरचा आपले स्टोन जोडून घेतो आणि तुम्हीच त्याची कमकुवत जागा बुजवून देता.

पुस्तक कोणतं? तुमच्या वाटण्यापेक्षा एक पायरी सोपं. मिनिटभरात काहीच सुचत नसेल, तर ते पुस्तक सध्या तुमचं नाही. नवशिके हटकून जुन्या, भारदस्त ग्रंथांच्या मागे लागतात. जपानमधल्या इनोउए घराण्याचे प्रमुख दोसेत्सु इनसेकी यांनी १७१३ साली संकलित केलेल्या 'इगो हात्सुयोरोन'मधल्या काही कोड्यांवर व्यावसायिक खेळाडूही घाम गाळतात. शेल्फवर शोभतं, ठेवा.

'उत्तर कधीच बघायचं नाही, दिवस गेला तरी चालेल' असं सांगणारे गुरू भेटतील. ज्या पोरांचं उत्तर तपासायला शिक्षक शेजारी बसलेला असतो, त्यांना ते ठीक आहे. नोकरीवरून येऊन अर्धा तास काढणाऱ्या माणसाने ऐकू नये. पाच मिनिटांत सुटलं नाही तर समासात टिंब करा आणि उत्तर बघा. आठवड्याने टिंबवाली कोडी परत घ्या. त्याच चुका परत होतील. होऊ द्या, दुसऱ्या फेरीत त्या लवकर लक्षात येतात.

ॲपबद्दल माझं मत वाईट आहे. एक जागा दाबायची, लाल दिसलं की दुसरी दाबायची, हे वाचन नव्हे. त्यातही ॲप बहुधा ठरावीक प्रतिकारच दाखवतं. कागदावर बोट टेकवून काही कळत नाही, डोक्यातच खेळावं लागतं, म्हणून कागद बरा. कातागो या गो खेळणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला विचारायचं असेल तर जपून: नुसता कोपरा मांडून दिलात तर बाकीचा पट रिकामा असल्याने तो निवांत दुसरीकडे खेळेल, आणि तुम्ही समजाल की कोपऱ्यात काही नव्हतंच. सभोवती स्टोन मांडून तो भाग बंद करा, मगच विचारा.

आणखी एक. 'जाळ्याची कोडी' (स्टोन दुरून वेढून पकडायची) अशा प्रकरणात बसलात की शीर्षकच अर्धं उत्तर देतं. पहिली फेरी क्रमाने करा, नंतर पुस्तक कुठेही उघडा. उलटं धरा, म्हणजे कोपरा बदलतो आणि पाठ झालेलं चित्र उपयोगी पडत नाही. त्याहून उपयोगी म्हणजे खालची 'काळ्याची चाल' अंगठ्याने झाका आणि आधी ठरवा: काळा खेळलाच नाही तर काय होईल? आधी पांढरा खेळला तर? डावात कुणी येऊन सांगत नाही की या कोपऱ्यात आत्ता कोडं आहे. ब्योयोमीचे (मुख्य वेळ संपल्यावर चालीला मिळणारे) तीस सेकंद सुरू असतात आणि ग्रुपला आणखी एक चाल लागते की नाही, हे तुमचं तुम्हालाच ओळखावं लागतं.