कुंभार संघाच्या कामाला लागायचंय?

पदाचं नंतर बघू. आधी कुंभार वेशीत जा, चाकाजवळ बसा, ऐका. संक्रांतीच्या तोंडावर बैठक ठेवू नका. सुगडं भाजायची असतात, आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, सोडून कोण येणार?

पहिलं काम मागून घ्या ते पीएम विश्वकर्मा या केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या योजनेच्या अर्जांचं. आधार, रेशनकार्ड, पासबुक सोबत घेऊन प्रत्येकाला सेवा केंद्रात न्या. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, पण लाभ घरटी एकालाच, म्हणून नाव कुणाचं ते घरातच ठरू द्या. चाकावर सासरे बसत असले तरी माती मळणाऱ्या सुनेलाही विचारा, हे मी आग्रहानं सांगते.

कार्यकारिणीत निवडून आलात की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची नोंद करायचा अर्ज, दाखल झाला का, ते स्वतः बघा.