लहानपणी सिरियल केली, आता १८ पूर्ण झाली: ते पैसे कुठे गेले हे कसं शोधायचं

मी आर्टिस्ट लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरते. लहानपणी डेली सोप केलेली पोरं १८-१९ ची झाली की कोणाच्या तरी ओळखीने येतात आणि थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारतात, ताई माझे नक्की किती झाले होते हो. घरी विचारायची सोय नसते ना. विचारलं की आई म्हणते तुझ्या शाळेच्या फिया काय आभाळातून पडल्या, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, विषय संपला. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, आधी कागद, मग बोलणी.

सुरुवात पॅनपासून. लहानपणी काढलेल्या पॅनवर तुझा फोटो नसतो, सही नसते, ते अपडेट करायला टाक, नंबर तोच राहतो. मग त्या पॅनने इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन कर (ओटीपी बाबांच्या मोबाईलवर जात असेल तर आधी तो नंबर बदल) आणि फॉर्म २६एएस (तुझ्या पॅनवर कोणी किती टॅक्स कापून भरला त्याची यादी) उघडून एकेक वर्ष मागे जात राहा. प्रॉडक्शन हाऊस कलाकाराच्या फीमधून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारला भरायचा टॅक्स, कापतं आणि तो भरताना कोणाच्या नावावर किती रक्कम टाकली ते कळवावंच लागतं, त्यामुळे कंपनीचं नाव, तारीख, रक्कम सगळं तिथे ओळीने दिसतं.

एक मुलगा आला होता, सातव्या वर्षी हिरोचं लहानपण करायचा. माझ्या लॅपटॉपवर एका ओळीशी थांबला, ८४,००० रुपये, टीडीएस ८,४००. म्हणाला ताई हा गणपतीचा सीक्वेन्स, मला ताप होता, गोळी देऊन तीन दिवस शूट केलेलं. बाकीच्या ओळींकडे बघायला मग जरा वेळ लागला त्याला.

पॅनवर काहीच दिसलं नाही तर पैसे बहुतेक आईच्या किंवा बाबांच्या पॅनवर गेलेत, म्हणजे त्यांचं २६एएस बघावं लागणार. खरं तर मुलाने स्वतःच्या कलेवर कमावलेलं उत्पन्न कायद्याने मुलाचंच धरतात, त्याचा रिटर्न वेगळा भरायचा असतो, ते पैसे एफडीत टाकले तर त्याचं व्याज मात्र १८ होईपर्यंत ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्यांच्या उत्पन्नात मिळवतात. हे कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे टीडीएस कापला गेला, रिटर्न भरलाच नाही आणि रिफंड तसाच पडून, असं सर्रास दिसतं. जुन्या वर्षांसाठी विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण पाच वर्षांच्या आतला, त्यामुळे हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.

२०१७ पासून बालकामगार कायद्याच्या नियमांत आहे की मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने एफडीत थेट जमा करायचे आणि ते सज्ञान झाल्यावर त्याला मिळायचे. दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही हेही त्याच नियमांत आहे, आता हसू नकोस. तुझं काम त्यानंतरचं असेल तर प्रॉडक्शन हाऊसच्या अकाउंट्सला मेल टाक, एफडी कोणत्या बँकेच्या कोणत्या ब्रांचला केली आणि पावती कोणाला दिली. फोन नको, मेलच. अशा पावत्या कपाटात साड्यांखाली निघालेल्या मी बघितल्यात.

मायनर म्हणून उघडलेलं सेव्हिंग, पीपीएफ, म्युच्युअल फंड यातलं काहीही १८ झाल्यावर आपोआप तुझ्या हातात येत नाही. केवायसी देऊन मायनरचं मेजर करून घ्यावं लागतं, फंडाच्या एसआयपी (दर महिन्याचे ठरलेले हप्ते) तर तोपर्यंत थांबतात.

फ्लॅटचं प्रकरण नाजूक. आईबाबांच्या नावावर असेल तर कागदावर तो त्यांचा, हप्ते तुझ्या फीमधून गेले असले तरी. पण तुझ्या नावावर होता आणि तू लहान असताना कोर्टाची परवानगी न घेता विकला, तर हिंदू कुटुंबात तो व्यवहार रद्द करून मागता येतो, १८ पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांत. लगेच केस ठोक असं म्हणत नाहीये मी, मुदत माहीत असू दे एवढंच. अमेरिकेत गॅरी कोलमन म्हणून टीव्हीवरचा गाजलेला बालकलाकार होता, त्याने १९८९ मध्ये स्वतःच्या आईवडिलांवर दावा लावला, १९९३ मध्ये जिंकलाही, दहा लाख डॉलरच्या वर मिळाले, आणि १९९९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मिळवणं एक आणि टिकवणं वेगळं.

आता पुढच्या कामाचं. सिरियलने लीप घेतला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेली की सोमवारच्या एपिसोडला तुझ्या जागी २५ वर्षांचा कोणीतरी उभा असतो, हे तुला माझ्याहून जास्त माहितीये. लोकांना तुझा तोच गोबरा चेहरा आठवतो, म्हणून ऑडिशनला जुन्या क्लिप पाठवू नकोस, आत्ताच्या वयाचं, साध्या उजेडातलं सेल्फ टेप (स्वतःच शूट केलेला ऑडिशनचा व्हिडिओ) पाठव. पेमेंट बहुतेक ठिकाणी ९० दिवसांनी येतं, म्हणजे आज सिरियल लागली तरी पहिले तीन-चार महिने खिशातून, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय गाडीचा हप्ता घेऊ नकोस. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन किती आणि किती दिवस ते लिहून घे. आधी आई सही करायची, आता अॅग्रीमेंटवर सही तुझी, तेव्हा पर डे रेट, महिन्याला किती दिवसांची गॅरंटी, एक्झिट नोटीस (काम सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं) हे तरी वाचून मग सही कर. वर्षाची फी २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नंबर लागतो. आणि कॉलेज पूर्ण कर बाबा. डबिंग, असिस्टंट डिरेक्शन, कास्टिंग या कामांत सेटवर वाढलेली पोरं पटकन रुळतात, फक्त तिथे पहिल्या दिवशी तुला कोणी खुर्ची देणार नाही.

घरी बोलायला बसशील तेव्हा २६एएसची प्रिंट आणि त्या काळातलं पासबुक दोन्ही घेऊन बस, आणि आपण हे एकदा जुळवून बघू या एवढंच म्हण. तो गणपती सीक्वेन्सवाला मुलगा तसाच बसला. बाबांनी चष्मा लावून एकेक ओळ पासबुकाशी ताडून बघितली आणि एका ओळीवर अडले, म्हणाले हे पैसे आलेच नाहीत. खरंच नव्हते आले. टीडीएस बिल हिशेबात नोंदवतानाच, पैसे देण्याआधीच, कापून भरतात, त्यामुळे टॅक्स भरलेला दिसत होता आणि पेमेंट बुडालेलं. इतकी वर्षं पोरगा बाबांवर धुसफुसत होता आणि बाबांना हे माहीतच नव्हतं. आता दोघं मिळून वकिलाकडे जातायत, मुलाच्या हक्काची मुदत १८ नंतर मोजतात का ते विचारायला.